मोबाइल हाच मायक्रोफोन
(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

वाचनासाठी: नहेम्या ८:१–८, निर्गम ३५:३०–३५

पाठाचा हेतू: संगणकावरून शिकवताना किंवा पाठ ध्वनिमुद्रित करताना आपला आवाज दूर असलेल्या ऐकणाऱ्यापर्यंत स्वच्छ कसा पोहोचवावा, हे समजून घेणे, आणि त्यासाठी घरात असलेला मोबाइलच संगणकाचा बिनतारी मायक्रोफोन म्हणून वापरण्यास शिकणे.

१. ऐकणाऱ्याची बाजू

नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लोकांपुढे नियमशास्त्र वाचतो, तो प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. तेथे दोन व्यवस्था केलेल्या दिसतात. एक, वाचणाऱ्यासाठी मुद्दाम लाकडी मंच उभारला होता. दुसरी, लेवी लोकांमध्ये राहून वाचलेल्याचा अर्थ सांगत होते, म्हणजे ऐकणाऱ्यांना ते समजावे. अर्थ समजावण्याच्या कामाची आपण नेहमी वाखाणणी करतो. सुताराने केलेल्या मंचाची मात्र आठवण ठेवत नाही. तरी तो मंच नसता तर पाठीमागे उभ्या असलेल्या स्त्रियांना आणि मुलांना काय ऐकू आले असते? आपला मायक्रोफोन हा त्या लाकडी मंचाच्याच जातीचा आहे. तो पाठ शिकवीत नाही, पण त्याच्यावाचून पाठ पोहोचत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि कित्येक मंडळ्यांची उपासना व शब्बाथशाळा मोबाइल आणि संगणक यांच्या द्वारे घरोघर जाऊ लागली. पुढे चर्चची दारे उघडली, तरी ती गरज संपली नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत. ज्यांच्या वडिलांची बदली दूर झाली अशी मुले आहेत. ज्या गावी मराठी उपासना होत नाही अशा गावी राहणारी कुटुंबे आहेत.

उज्जैनचेच उदाहरण घ्या. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरला हलवले, तोपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्यामुळे मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. अशा घरातील मुलाची शाळा हिंदीत भरते, रस्त्यावर माळवी बोलली जाते आणि मराठी त्याच्या कानी पडते ती घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून. असे मूल जेव्हा संगणकापुढे बसून आपला मराठी पाठ ऐकते, तेव्हा त्याच्या जवळ पुस्तक नसते, फळा नसतो, शेजारी समजावणारा लेवीही नसतो. असतो तो फक्त आपला आवाज. तो घुमला, तुटला, पंख्याच्या घरघरीत बुडाला, तर मूल तक्रार करीत नाही. ते मुकाट्याने बसते आणि दहा मिनिटांनी उठून जाते. शिक्षकाला वाटते, मुलास गोडी नाही. वस्तुतः मुलास ऐकूच आलेले नसते.

२. शिंगापुढे उभा असलेला माणूस

आवाज टिपण्याच्या कामी पहिला नियम कोणता, हे जुन्या काळापासून पाहिले म्हणजे नीट ध्यानात येते. सर जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांनी हिंदुस्थानातील भाषांचे जे मोठे सर्वेक्षण केले, त्याचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला; उज्जैनकडच्या माळवी बोलीची नोंदही ह्याच सर्वेक्षणात आहे. निरनिराळ्या बोलींची तुलना करता यावी म्हणून सर्वत्र एकच मजकूर नमुन्यास घेण्यात आला. तो मजकूर म्हणजे लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत होय. पुढे १९१३ ते १९२९ ह्या काळात ह्या कामास जोडून दोनशेहून अधिक ग्रामोफोन ध्वनिमुद्रणे करण्यात आली, आणि त्यांतही हाच दृष्टांत अनेक बोलींत सांगितलेला आहे.

ग्रामोफोन कंपन्यांनी विजेचा मायक्रोफोन वापरण्यास १९२५ साली प्रारंभ केला. त्यापूर्वीचे यंत्र म्हणजे एक भले मोठे शिंग, त्याच्या टोकाला पडदा आणि पडद्याला सुई. आवाजाच्या नुसत्या जोराने सुई हलायची आणि मेणासारख्या मऊ तबकडीवर रेघ उमटायची. आवाज मोठा करण्याची कोणतीही सोय त्यात नव्हती. म्हणून बोलणाऱ्याने शिंगाच्या तोंडाशी तोंड नेऊन उभे राहायचे, हाच एक उपाय होता. मागे सरकले की शब्द गेलाच.

त्यानंतर यंत्रे किती बदलली! १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेस्लर ह्यांनी इलेक्ट्रेट जातीचा लहान व स्वस्त मायक्रोफोन तयार केला. आज मोबाइलमध्ये असतो तो त्याहूनही लहान, तांदळाच्या दाण्याएवढा, सिलिकॉनवर कोरलेला. परंतु शिंगाच्या काळचा नियम मात्र बदललेला नाही. तो असा: तोंड आणि मायक्रोफोन ह्यांमधील अंतर कमी करा. बाकीचे सर्व उपाय त्याच्या मागून येतात.

३. वीत आणि हात

हा नियम मुलांनाही हिशेबाने दाखवता येतो. दोन विती म्हणजे एक हात. मोबाइल तोंडापासून एक वीत दूर धरला, तर आवाज एका मापाचा पोहोचतो असे समजू. अंतर दुप्पट केले की आवाजाची शक्ती अर्धी होत नाही, ती चौथाई होते. चौपट केले की सोळावा हिस्सा उरतो. संगणक टेबलावर ठेवून आपण चार हात मागे फळ्याजवळ उभे राहिलो, तर अंतर आठ विती झाले. म्हणजे शक्ती चौसष्टावा हिस्सा राहिली.

मग चार हातांवरूनही संगणकाला आपले बोलणे ऐकू येते ते कसे? तो आवाज वाढवून घेतो म्हणून. पण वाढवताना तो आपला आवाज निराळा काढू शकत नाही. पंखा, रस्ता, शेजारची कुकरची शिटी आणि भिंतींवरून परतलेला आपलाच आवाज, हे सर्व त्याबरोबर वाढते. खोलीत बसलेल्या माणसाला देवाने दोन कान आणि लक्ष देण्याची शक्ती दिली आहे, म्हणून तो गोंगाटातून शब्द निवडून घेतो. संगणकावरून ऐकणाऱ्याला ती निवड तितकी साधत नाही, कारण त्याच्यापर्यंत सर्व आवाज एकाच वाटेने, एकात एक मिसळून येतात.

म्हणून महागडा मायक्रोफोन चार हात दूर ठेवण्यापेक्षा साधा मोबाइल वीतभर अंतरावर ठेवणे अधिक हिताचे. मंडळीच्या खजिनदारांना ही गोष्ट अवश्य सांगावी. पुष्कळदा अडचण पैशाची नसते, ती अंतराची असते.

४. मोबाइल मायक्रोफोन कसा होतो?

संगणक एका जागी राहतो आणि शिक्षक हलतो, ही मूळ अडचण. मोबाइल मात्र शिक्षकाबरोबर जातो. तेव्हा मोबाइलने आवाज टिपावा आणि तो संगणकाकडे पाठवावा, एवढीच ही युक्ती आहे.

मोबाइलमधील मायक्रोफोन हवेतील कंप टिपतो. त्या कंपाची मोजणी सेकंदास बहुधा ४८,००० वेळा होते आणि प्रत्येक मोजणीचा आकडा तयार होतो. हे आकडे घरातील वाय-फायने संगणकाकडे जातात. संगणकावर बसवलेला जोडीचा प्रोग्रॅम ते आकडे घेतो आणि संगणकाला जणू सांगतो की, येथे एक नवा मायक्रोफोन जोडलेला आहे. खरोखर तेथे मायक्रोफोन नसतो, असतो तो त्याचा भास. पण झूम, गूगल मीट किंवा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम तो खरा मानून चालतो.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मोबाइलपासून संगणकापर्यंतचा हा प्रवास घरातल्या घरात होतो. त्यासाठी इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. घरी वाय-फायची पेटी नसेल, तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्यास जोडावा. आवाजापुरते तेवढे पुरते. पाठ नुसता ध्वनिमुद्रित करावयाचा असेल तर अशा वेळी मोबाइल डेटा बंद ठेवावा, नाहीतर संगणक आपली इतर कामे त्याच हॉटस्पॉटवर उरकून घेतो आणि डेटा संपतो.

५. जोडणीचे मार्ग

पहिला मार्ग, कोणतेही ॲप न घेता. संगणकावरून वर्ग चालू असेल, तर त्याच वर्गात मोबाइलवरूनही प्रवेश करावा. संगणकाचा मायक्रोफोन व स्पीकर दोन्ही बंद करावेत आणि बोलणे-ऐकणे मोबाइलवरून करावे. चित्र संगणकाचे, आवाज मोबाइलचा. दोन्ही यंत्रांचा आवाज एकाच वेळी चालू राहिला, तर एकाचे दुसऱ्याला ऐकू येऊन कर्कश शिटी सुरू होते. नवशिक्या शिक्षकाने प्रथम हाच मार्ग घ्यावा.

दुसरा मार्ग, ॲपचा. डब्ल्यूओ माइक किंवा ऑडिओरिले ह्यांसारखी ॲप मिळतात. एक भाग मोबाइलवर आणि जोडीचा भाग संगणकावर बसवावा लागतो. मोबाइल आणि संगणक एकाच वाय-फायवर आहेत ना, हे पाहावे. मोबाइलवर सुरुवात केली की बहुधा चार भागांचा एक अंकी पत्ता दिसतो. संगणकावरील भागाने तो आपोआप शोधला नाही, तर तेथे भरावा. मग संगणकाच्या सेटिंगमध्ये ध्वनीच्या सदरात जाऊन, आत येणाऱ्या आवाजासाठी ह्या नव्या मायक्रोफोनची निवड करावी. झूममध्येही तीच निवड पुन्हा करावी लागते. नव्वद टक्के खोळंबा ह्या विसरलेल्या दुसऱ्या निवडीमुळे होतो असे म्हटले तरी चालेल. जोडणी होतच नसेल, तर संगणकाच्या सुरक्षाभिंतीने वाट अडवली आहे काय, ते पाहावे.

तिसरा मार्ग, ॲपल कंपनीची यंत्रे असणाऱ्यांसाठी. २०२२ साली आलेल्या आयओएस १६ आणि मॅकओएस व्हेंचुरा ह्यांच्यापासून आयफोन हा मॅक संगणकाचा मायक्रोफोन म्हणून वापरता येतो. दोन्ही यंत्रे एकाच खात्याची असावीत आणि दोन्हींवर वाय-फाय व ब्ल्यूटूथ चालू असावे. वेगळे ॲप लागत नाही.

चौथा मार्ग, तारेचा. वाय-फाय कमजोर असेल आणि आवाज तुटत असेल, तर चार्जिंगच्या तारेने मोबाइल संगणकास जोडावा. काही अँड्रॉइड ॲपना त्यासाठी मोबाइलमधील यूएसबी डिबगिंग नावाची सोय चालू करावी लागते. काम झाल्यावर ती आठवणीने बंद करावी. तार आली म्हणजे हिंडण्याची मोकळीक गेली. परंतु बसून शिकवणाऱ्यास ती लागत नाही, आणि हा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे.

आणखी एक साधी गोष्ट सांगून ठेवतो. पाठ थेट द्यावयाचा नसून नुसता मुद्रित करावयाचा असेल, तर ह्यांपैकी काहीच नको. मोबाइलच्या रेकॉर्डरवर बोलावे आणि फाइल मागाहून संगणकावर घ्यावी. चित्र संगणकाने वेगळे घेतले असेल, तर प्रारंभी एकदा टाळी वाजवावी. चित्रातील टाळी आणि आवाजातील टाळी जुळवली की पुढचे सगळे जुळते. कच्च्या स्वरूपातील अर्ध्या तासाचा आवाज सुमारे १७० मेगाबाइट भरतो. तोच एमपी३ करून, बोलण्यास पुरेल इतक्या दर्जाचा ठेवला, तर सुमारे १४ मेगाबाइट. आजीबाईंच्या मोबाइलवर पाठवायचा असल्यास दुसराच योग्य.

६. भैरवगढचे उदाहरण

बिनतारी मायक्रोफोनचा खरा उपयोग कोठे, हे एका पाठावरून पाहू. निर्गमच्या पस्तिसाव्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब ह्या कारागिरांची हकीकत आहे. कोरीव काम, विणकाम, रंगीत सुतांचे काम करणाऱ्यांचे कसब हेही देवाचे दान आहे, असा त्या पाठाचा गाभा. हा पाठ शब्दांनी सांगितला तर मुले लवकर विसरतात. पण एखादा कारागीर हाताने काम करताना दिसला, तर विसरत नाहीत.

उज्जैन शहराच्या कडेला क्षिप्रेजवळ भैरवगढ आहे. तेथील लोक त्याला भेरूगढ असेही म्हणतात. काळभैरवाच्या मंदिरामुळे हे नाव अनेकांना ठाऊक आहे. आणि कापडावरील छपाई व बाटिक ह्यांसाठीही ते प्रसिद्ध आहे. उज्जैनच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाटिकची रीत अशी. धुतलेल्या कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात. मग कापड थंड रंगात बुडवतात. मेण असते तेथे रंग शिरत नाही. आणखी रंग हवा असल्यास पुन्हा मेण लावायचे आणि पुन्हा बुडवायचे, फिकट रंग आधी आणि गडद मागून. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. सुकलेल्या मेणाला ज्या बारीक भेगा पडतात, त्यांतून रंग झिरपून जाळीसारख्या रेघा उमटतात. ती बाटिकची ओळख.

समजा, उज्जैनमधील एका शिक्षिकेने हे काम पुण्याच्या किंवा अहिल्यानगरच्या वर्गास थेट दाखवायचे ठरवले. संगणक टेबलावर आहे आणि त्याच्या कॅमेऱ्यात कापड ताणलेला पाट दिसतो. कारागीर पाटाशी बसला आहे, संगणकापासून चार-पाच हात दूर. त्याचे दोन्ही हात गुंतलेले. तो माळवी हिंदीत सांगणार आणि शिक्षिका मराठीत अर्थ समजावणार, अगदी त्या लेव्यांसारखे. संगणकाच्या मायक्रोफोनवर विसंबले तर शेगडीचा आणि रस्त्याचा आवाज येईल, कारागिराचा येणार नाही. येथे मोबाइल कामास येतो.

मोबाइल कोठे ठेवावा? खिशात नको, कापड घासल्याचा खरखराट शब्दांपेक्षा मोठा होतो. हातात नको, कारागिराचे हात मोकळे हवेत. पाटाच्या बाजूला, वीत-दीड वीत अंतरावर, विटेला किंवा डब्याला टेकवून ठेवावा. मायक्रोफोनचे भोक बहुधा मोबाइलच्या खालच्या कडेला असते. ती कड बोलणाऱ्याकडे करावी आणि कव्हरने वा बोटाने ते भोक झाकले नाही ना, हे पाहावे. वितळलेले मेण, शेगडी आणि पाणी ह्यांपासून मोबाइल दूर असावा, हे सांगणे नको. शिक्षिकेने अर्थ सांगताना मोबाइलकडे झुकून बोलावे, कारागिराच्या पाठीमागून नव्हे.

आवाज पोहोचण्यास थोडा उशीर लागतो, हेही ध्यानात असू द्यावे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वाय-फायच्या जोडणीत एक दशांश सेकंदाचा उशीर झाला, तर तो चौतीस मीटर दूर बसून ऐकल्यासारखा होतो. बोलण्यास त्याने बाध येत नाही. गीत गाताना मात्र पेटी एकीकडे आणि गाणारे दुसरीकडे असे करू नये; ताल जमणार नाही. सर्वांनी एकाच मोबाइलपाशी जमावे.

७. साप आणि शाप

आवाज मोठा असला म्हणजे स्वच्छ असतो असे नाही. उत्पत्तीचा तिसरा अध्याय शिकवताना ‘साप’ आणि ‘शाप’ हे दोन्ही शब्द एकाच पाठात येतात. आपल्यापुढे बसलेल्या मुलाला त्यांतील भेद सहज कळतो. पण यंत्रातून ऐकणाऱ्यास? ‘श’चा जोर साधारण तीन-चार हजार कंपनांच्या आसपास असतो आणि ‘स’चा त्याहून बराच वर, पाच हजारांच्या पुढे. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर सुमारे ३,४०० कंपनांवरचा आवाज कापला जाई. ब्ल्यूटूथने जोडलेले कानातले संच बोलण्यासाठी वापरले की त्यांपैकी जुन्या जातीचे संच ४,००० च्या वरचे काही पाठवीतच नाहीत. नव्या जातीचे ८,००० पर्यंत पाठवतात. म्हणजे ‘स’ला ‘स’ करणारा भागच वाटेत गळतो. मोठ्या माणसाला मराठी येत असते, म्हणून तो संदर्भाने शब्द भरून काढतो. नव्याने मराठी शिकणारे उज्जैनचे ते मूल कशाने भरून काढील? त्याच्या लेखी सापाला शाप मिळाला की शापाला साप, हे कळायला मार्ग नाही. मोबाइलचा स्वतःचा मायक्रोफोन वाय-फायने किंवा तारेने जोडला, तर हा भाग शाबूत राहतो. म्हणून शिकवताना कानातला बिनतारी संच ऐकण्यासाठीही लावू नये. तो लावला की कित्येकदा संगणक त्याचाच मायक्रोफोन आपण होऊन निवडतो.

दुसरी काळजी श्वासाची. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो, आणि तो मायक्रोफोनवर आदळला की धप्प असा आवाज होतो. मोबाइल थेट तोंडासमोर न धरता हनुवटीच्या बाजूला, किंचित तिरका धरावा. परीक्षेसाठी ‘भैरवगढ’ हाच शब्द उत्तम. आरंभीच्या ‘भ’ला धप्प झाले तर मोबाइल फार समोर आहे, आणि शेवटचा ‘ढ’ ऐकूच आला नाही तर फार दूर आहे असे समजावे.

८. काय आत येऊ द्यायचे नाही

बाटिकच्या कारागिराला रंग कोठे द्यायचा हे जितके कळावे लागते, तितकेच रंग कोठे जाऊ द्यायचा नाही हेही. मेणाचे काम तेच. ध्वनिमुद्रणातही अर्धे काम आवाज अडवण्याचे आहे. पंखा बंद करावा. खिडकी लावावी. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. तेथे गोधड्या, पडदे, गाद्या असाव्यात. रिकाम्या चर्चपेक्षा कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर केलेले ध्वनिमुद्रण कितीतरी चांगले होते. मोबाइल विमान-मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू करावे, म्हणजे पाठाच्या मध्ये कोणाचा फोन येण्याचा संभव कमी होतो. हॉटस्पॉट वापरत असाल तर निदान घंटी आणि सूचना बंद ठेवाव्यात. बॅटरी भरलेली असावी. आणि सुरुवातीस एक मिनिट मुद्रित करून ते स्वतः कानाला तार लावून ऐकावे. जो शिक्षक हे एक मिनिट देत नाही, तो ऐकणाऱ्याचा अर्धा तास घेतो.

९. उघडा राहिलेला कान

शेवटी एक गंभीर गोष्ट. मायक्रोफोन हा कान आहे, आणि बिनतारी मायक्रोफोन हा विसरला जाणारा कान आहे. पाठ संपतो, शिक्षक मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात जातात आणि बोलू लागतात. कोणाच्या घरचे भांडण, कोणाचे दुखणे, कोणासाठी करायची गुप्त प्रार्थना. मोबाइल चालूच असतो. संगणकापुढे बसलेली मुले ते सर्व ऐकतात. यंत्राने फसवले असे म्हणायला जागा नाही. त्याने आपले काम केले. म्हणून वर्ग संपताच आधी मोबाइलवरचे ॲप बंद करावे, मग संगणक, मग बोलणे.

ॲप घ्यायचे ते मोबाइलच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे आणि संगणकावरचा जोडीचा भाग त्याच कर्त्याच्या स्वतःच्या ठिकाणावरून. मायक्रोफोन वापरण्याची जी परवानगी ॲप मागते, ती काम चालू असतानापुरतीच द्यावी. परक्या ठिकाणच्या खुल्या वाय-फायवर ही जोडणी करू नये.

आणि आवाज माणसाचा असतो, हे विसरू नये. मुलाने वर्गात दिलेले उत्तर, आजारी आजींनी सांगितलेली साक्ष, कारागिराने सांगितलेले आपल्या घराण्याचे कसब, हे त्यांचे आहे. मुद्रित करण्यापूर्वी विचारावे. मुलाच्या बाबतीत त्याच्या आईवडिलांना विचारावे. पुढे दुसरीकडे पाठवण्यापूर्वी पुन्हा विचारावे. नको म्हटले तर पुसून टाकावे.

एज्राच्या त्या वाचनाच्या वेळी लोक पहाटेपासून दुपारपर्यंत लक्ष देऊन उभे राहिले, असे आपण वाचतो. आपल्या वर्गातील मुले तितका वेळ उभी राहणार नाहीत. पण जितका वेळ ती बसतील, तितका वेळ त्यांना प्रत्येक शब्द ऐकू यावा, एवढे तर आपल्या हाती आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील कोणकोणती माणसे पाठ केवळ आवाजावरून ऐकतात? त्यांना ऐकू येते की नाही, हे शेवटचे कोणी व केव्हा विचारले?
२. नहेम्या ८ मध्ये मंच आणि समजावणारे ह्या दोन्हींची गरज का पडली? आपल्या वर्गात ह्यांपैकी कशाची उणीव आहे?
३. कोणाचा आवाज मुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी? आपल्या शब्बाथशाळेचा ह्याबाबत काही नियम आहे काय? नसल्यास कसा असावा?

करून पाहा

एकच वाक्य तीन वेळा मुद्रित करा: मोबाइल एक वीत, एक हात आणि चार हात अंतरावर ठेवून. वाक्यात ‘साप’, ‘शाप’ आणि ‘भैरवगढ’ हे शब्द असावेत. ज्यांना ऐकायला कमी येते अशा एखाद्या वडीलधाऱ्यांना तिन्ही ऐकवा आणि त्यांनी काय ऐकले ते लिहून घ्या. पुढच्या शिक्षक-सभेत ते वाचून दाखवा. कोणते यंत्र विकत घ्यावे, ह्याची चर्चा त्यानंतर करावी.